मूकपट त्याच्या वेगानं दाखवा

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या फिल्म सोसायट्यांचे पदाधिकारी, महाविद्यालयांची चित्रपट मंडळं आणि नाट्यगृहांचे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्याकडे वर्षा-दोन वर्षांतून एखादा मूकपट दाखवला जातो आणि प्रेक्षक तो हसत हसत पाहून घरी जातात. हसू विनोदाचं नसतं. पडद्यावर माणसं टुणटुण उड्या मारत चालतात, मरणारा राजा झटका बसल्यासारखा कोसळतो, टायटल कार्ड, म्हणजे प्रसंगांमध्ये येणारी मजकुराची पाटी, निम्मं वाचून होतं तोवर निघून जातं, आणि मागे लॅपटॉपवर एकच बासरीचा तुकडा तासभर फिरत असतो. मग लोक ठरवतात की जुना सिनेमा असलाच असणार. यातलं काहीही त्या सिनेमाचं नाही. सगळे दोष दाखवण्यातले आहेत, आणि थोडी आधी तयारी केली तर ते टाळता येतात.

आमची विनंती एका ठराविक चित्रपटाबद्दल आहे. 'मार्तंड वर्मा' हा १९३३ सालचा मूकपट सांगलीत आणि साताऱ्यात, एकदा का होईना, नीट दाखवला जावा. दिग्दर्शक पी. व्ही. राव, निर्माते आर. सुंदर राज, आणि मूळ कथा सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या १८९१ च्या मल्याळम कादंबरीतली. कादंबरीचे हक्क तिरुवनंतपुरमच्या कमलालय बुक डेपोकडे होते. निर्मात्यांनी ते घेतले नव्हते. प्रकरण कोर्टात गेलं आणि चित्रपट थोड्याच खेळांनंतर पडद्यावरून उतरला. प्रिंट त्या पुस्तकवाल्यांकडेच पडून राहिली, आणि १९७४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं ती मिळवली. मूकपटाची प्रिंट गावोगाव फिरून, प्रोजेक्टरच्या दात्यांनी घासून, चिरून संपते. हिला ते फिरणंच लाभलं नाही. बंदीमुळे निर्मात्याचं नुकसान झालं, पण आपल्यासाठी चित्रपट राहिला, असं आम्ही मानतो.

हा दूरचा चित्रपट आपल्याकडे का, असं कुणी विचारेल. आपल्या मातीतले गेले म्हणून. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं कोल्हापुरात हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला. तो आज नाही. १९२५ चा 'सावकारी पाश' नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा, म्हणजे आपल्या कोरेगावला स्थायिक झालेल्या लेखकाचा. सावकाराच्या कचाट्यात जमीन जाणारा शेतकरी त्यात पडद्यावर आला होता. तोही आज नाही. भारतात मूकपट हजाराहून जास्त निघाले. पूर्ण-अपूर्ण मिळून उरले ते दोन-तीन डझन. साहित्यावरून काढलेला, बऱ्यापैकी लांबीचा, गोष्ट कळेल असा भारतीय मूकपट पाहायचा तर पर्याय बोटांवर मोजण्याइतके आहेत. कोरेगावच्या लेखकाचा मूकपट कसा दिसत असेल याची थोडी कल्पना यावी, तर असा एखादा उरलेला मूकपट नीट लावून पाहणं एवढाच मार्ग आहे.

आता वेग. सगळी गडबड इथून सुरू होते.

मूकपटाच्या काळात कॅमेरा बहुधा हातानं फिरवत. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा फ्रेम. छायाचित्रकाराचा हात, प्रसंग, उजेड यांप्रमाणे हे सोळा ते बावीसपर्यंत हलायचं. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ फ्रेम हा वेग पक्का झाला, कारण आवाज एकाच वेगानं चालावा लागतो. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. हजार फुटांचं रीळ १६ च्या वेगानं साडेसोळा मिनिटांहून थोडं जास्त चालतं, १८ नं पावणेपंधरा, आणि २४ नं अकरा मिनिटांत संपतं. आठ हजार फुटांचा चित्रपट १८ नं जवळजवळ दोन तास, २४ नं दीड तास. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेवर मूकपटाचा कालावधी संशयास्पद कमी दिसला, तर आधी हा हिशेब करा.

फाइल हातात आली की ती लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा, पात्र चालत असेल अशा ठिकाणी थांबवा आणि 'ई' हे बटण एकेकदा दाबत जा. प्रत्येक दाबणीला एक फ्रेम पुढे सरते. पाय प्रत्येक वेळी हलत असेल, तर फाइलमध्ये मूळ फ्रेम जशाच्या तशा २४ च्या वेगानं भरल्या आहेत आणि माणसं पळणार. तीन वेळा पाय हलून चौथ्या वेळी जागच्या जागी राहत असेल, तर १८ फ्रेमचा चित्रपट २४ मध्ये बरोबर बसवलेला आहे. प्रत्येक तिसरी फ्रेम दोनदा घातली आहे. दोन हलून तिसरी थांबत असेल तर मूळ १६, पाच हलून सहावी थांबत असेल तर मूळ २०. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती न करता कुणीतरी 'मूकपट आहे, हळू करा' म्हणून आधीच दुरुस्त केलेली फाइल पुन्हा ०.७५ वर टाकतो, आणि मग राजवाड्यातली माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसतात.

फाइल दुरुस्त नसेल तर कार्यक्रमाच्या दिवशी प्लेअरचा वेग कमी करून चालवू नका. एडिटिंग करणाऱ्या मुलाकडून फ्रेमची पुनरावृत्ती करून नवी फाइल बनवून घ्या. त्याला स्पष्ट सांगा की दोन फ्रेमचं मिश्रण करणारा पर्याय वापरायचा नाही. मिश्रणानं हात आणि तलवारी दुहेरी, धुरकट दिसतात. पुनरावृत्तीनं कॅमेरा आडवा फिरताना बारीक धक्का जाणवतो, तो चालतो. वेग किती ठेवायचा हे डोळ्यांनी ठरतं. घोड्याची चाल, वरून टाकलेलं वस्त्र खाली येतानाची गती, ओतलेलं पाणी, पायऱ्या उतरणारा म्हातारा पाहा. नटाच्या हातवाऱ्यांवर विसंबू नका, ते मुद्दाम मोठे केलेले असतात. घाई वाटेनाशी झाली की तिथं थांबा. प्रोजेक्टर किंवा टीव्हीतली हालचाल 'गुळगुळीत' करणारी सोय बंद करा, आणि लॅपटॉपचं आउटपुट जमलं तर २४ किंवा ४८ हर्ट्झवर न्या. ६० वर २४ फ्रेम सारख्या वाटल्या जात नाहीत, एक फ्रेम दोनदा आणि दुसरी तीनदा दिसते.

चौकट. मूकपटाला बाजूला ध्वनीपट्टी नव्हती, त्यामुळे चित्र फिल्मची पूर्ण रुंदी वापरायचं: चार रुंद, तीन उंच. आपल्या नाट्यगृहांतले प्रोजेक्टर सोळा-नऊचे. पडदा २१ फूट ४ इंच रुंद आणि १२ फूट उंच धरा. त्यावर मूकपटाचं चित्र १६ फूट बाय १२ फूट बसेल आणि दोन्ही अंगांना मिळून पाच फुटांवर काळी जागा राहील. ती राहू द्या. 'पडदा भरून दिसत नाही' म्हणून रिमोटवरचं झूम दाबलं की चित्राची उंची १६ फूट होते, त्यातले वरचे दोन आणि खालचे दोन फूट पडद्याबाहेर जातात. वर किरीट आणि डोकी जातात, खाली टायटल कार्डाची शेवटची ओळ. झूमऐवजी स्ट्रेच दाबलं तर सगळेच एक तृतीयांश जाड होतात. काळ्या पट्ट्या डोळ्यांत येऊ नयेत असं वाटत असेल तर पडद्याच्या दोन्ही कडांवर काळं मखमली कापड लावा. नाट्यगृहात विंगांचे काळे पडदे असतातच, तेच अडीच-तीन फूट आत ओढता येतात.

उजेडाचा हिशेबही करून ठेवा. चौरस फुटाला पंधराएक ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) हवेत. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ चौरस फूट, म्हणजे २,९०० च्या आसपास ल्युमेन. पण सोळा-नऊच्या प्रोजेक्टरचा पाव भाग काळ्या पट्ट्यांवर जातो, म्हणून यंत्र किमान ४,००० चं हवं, आणि दिवा जुना असेल तर त्याहून अधिक. वर्गखोलीतल्या प्रोजेक्टरनं एवढा पडदा उजळत नाही. पडदा लहान करा, आठ बाय सहा फूट सुद्धा शंभर माणसांना पुरतं. प्रोजेक्टर मधोमध ठेवा. बाजूला ठेवून कीस्टोननं, म्हणजे तिरकं चित्र सरळ करणाऱ्या सोयीनं, सरळ केलेल्या चित्रात कार्डावरची अक्षरं फाटतात. नाटकाचा मागचा पांढरा पडदा वापरणार असाल तर आदल्या दिवशी टांगून खाली वजन लावा. त्याच्या घड्या प्रत्येक चेहऱ्यावरून जातात.

टायटल कार्ड हा या चित्रपटाचा प्राण आहे असं आम्ही म्हणू. 'मार्तंड वर्मा'ची कार्डं इंग्रजी आणि मल्याळममध्ये आहेत, आणि त्यांतला काही मजकूर सरळ कादंबरीतून उचललेला आहे. म्हणजे लेखकाची भाषा अंधारात पडद्यावर येते, सेकंदभर एकटीच उभी राहते, आणि मग चित्र तिच्यापुढे चालू होतं. कार्ड १४४ फ्रेमचं असेल तर १८ च्या वेगानं ते आठ सेकंद टिकतं, २४ नं सहा. ते दोन सेकंद गेले की वाक्य गेलं.

आपल्या प्रेक्षकांपैकी मल्याळम वाचणारे थोडे, आणि गावातल्या सगळ्यांना इंग्रजी सरावाचं नाही. खाली मराठी अक्षरं चिकटवली तर ती कार्डातल्या मजकुरावर चढतात. आमचा सल्ला आहे, एक वाचक बसवा. हे आपल्याला परकं नाही. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं अभिनय करायची. त्या शहरात अंधारात बसून वाक्य वाचणाऱ्या माणसाला प्रेक्षक लगेच सरावतील.

भाषांतर इंग्रजी कार्डावरून करू नका. खानापूर, आटपाडी, विटा या भागांतली गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबं केरळात आणि तमिळनाडूत स्थिरावलेली आहेत. त्यांच्यात मल्याळम शाळेत शिकलेली मुलं-मुली सापडतील. अशा कुणाकडून मल्याळम मजकूर समजावून घ्या, आणि मराठी वाक्य मराठी लिहिणाऱ्याकडून बसवून घ्या. लांबी महत्त्वाची. मोठ्यानं, सावकाश वाचताना सेकंदाला दोन शब्द धरा; आठ सेकंदांच्या कार्डाला चौदा शब्दांवर जाऊ नका, कारण कार्ड आल्यावर एक सेकंद थांबून वाचायला सुरुवात करायची असते आणि चित्र परतण्याआधी तोंड मिटायचं असतं. वाचकाचा कागद असा करा: डावीकडे कार्डाचा क्रमांक, मग मिनिट-सेकंद, मग ओळखीसाठी इंग्रजी मजकुराचे पहिले दोन शब्द, मग मराठी वाक्य, अठरा पॉइंटच्या ठळक अक्षरांत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. पानाच्या एकाच बाजूला छापा. पानं पिनांनी जोडू नका, उलटताना माइकवर आवाज येतो. छोट्या दिव्यावर लाल जिलेटिन लावा. वाचकानं आवाज बदलून पात्रं रंगवायची नाहीत आणि पडद्यावर जे दिसतंय ते सांगायचं नाही. नाटकातला कसलेला नट यासाठी अनेकदा चुकीचा ठरतो. बातम्या वाचलेला किंवा कीर्तनात नुसती पोथी लावणारा माणूस बरा.

खेळाआधी एक पानभर मराठी टिपण प्रेक्षकांच्या हातात द्या, कारण एक गोष्ट न कळली तर कथानकच कळत नाही. त्रावणकोरच्या राजघराण्यात वारसा मातृवंशाकडून, राजाच्या मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जायचा. राजा रामवर्म्याचा भाचा मार्तंड वर्मा हा वारस. राजाचे मुलगे, म्हणजे तंपी बंधू, आणि 'एट्टुवीट्टिल पिळ्ळमार' म्हणून ओळखली जाणारी आठ घराण्यांची सरदारमंडळी त्याच्या विरोधात. आपला प्रेक्षक पहिल्यांदा पाहताना हमखास मुलाच्या बाजूनं उभा राहतो आणि भाच्याला बळकावणारा समजतो. टिपणात हे तीन ओळींत आलं की पुरे. जोडीला एवढं घाला की मार्तंड वर्मा १७२९ ला गादीवर आला तेव्हा साताऱ्याच्या गादीवर छत्रपती शाहू होते, आणि वारसावरून झालेला ताराबाईंबरोबरचा संघर्ष साताऱ्याच्या लोकांना तोंडपाठ आहे. वेशांतराची आणि शेवटची गुपितं मात्र टिपणात फोडू नका.

संगीताबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं आपला जिल्हा श्रीमंत आहे. मूकपट तेव्हाही मुक्यानं दाखवत नसत. आपल्याकडच्या थिएटरांत पडद्यापाशी पेटी-तबला असायचा. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत वाद्यं बनतात, तिथं वाजवणारेही आहेत. तिघं पुरे: पेटी, तबला आणि सारंगी, दिलरुबा किंवा व्हायोलिन यांतलं एक ओढीचं वाद्य. मागे तानपुरा, अगदी इलेक्ट्रॉनिक सुद्धा चालेल, पण आवाज इतका कमी की बंद झाल्यावरच कळावं की तो चालू होता. वाचक आणि वादक एकमेकांवर येतात ते इथंच: कार्ड येताना सुरावट मंद्रात उतरावी आणि तबला थांबावा. वाचकाचा स्वर ज्या पट्टीत सहज बसतो तिच्यापासून पेटी थोडी दूर ठेवा, नाहीतर शब्द पेटीत बुडतात.

केरळचा आभास म्हणून चेंड्यासारखा ढोल बडवायचा मोह होईल. ते वाद्य येणारा माणूस नसेल तर करू नका. आपल्याकडचं जे नीट येतं तेच वाजवा. प्रत्येक तलवारीला थाप, प्रत्येक अश्रूला मींड असं केलं की वीस मिनिटांत प्रेक्षक थकतो आणि वादकही. प्रसंगाचा एक भाव धरून राग किंवा धून लांबवावी, आणि प्रसंग बदलला की बदलावी. ओळखीचं सिनेगीत कुठंही येऊ देऊ नका. ओळख पटली की प्रेक्षक त्या दुसऱ्या सिनेमात जातो. वादकांनी चित्रपट तीनदा तरी पाहावा: एकदा नुसता, एकदा मिनिटांची यादी करत, एकदा प्रत्यक्ष सभागृहात पूर्ण वेगानं वाजवत. दोन तास सलग वाजवणं हाताला जड जातं, म्हणून मध्यावर, एखादा प्रसंग पूर्ण संपतो तिथं, दहा मिनिटांची विश्रांती आधीच ठरवा.

एसीची काळजी घ्या. पावसाळ्यात बाहेरून आणलेला तबला दमट असतो. सभागृहाच्या कोरड्या हवेत पुडी सुकते, ताणते आणि अर्ध्या तासात सूर चढतो, सारंगीचे सूर वेगळीकडे जातात. वाद्यं निदान दीड तास आधी त्याच हवेत ठेवा आणि एसी ऐन खेळात कमी-जास्त करू नका. वादकांच्या दिव्यांना पुठ्ठ्याची टोपी करा, उजेड फक्त बोटांवर पडावा. त्यांना मान वर करून पडदा पाहावा लागू नये म्हणून समोर जमिनीवर एक छोटा मॉनिटर ठेवा.

परवानग्यांचं थोडक्यात. प्रतीसाठी पुण्याच्या संग्रहालयाला लेखी मागणी करा, आणि त्यात कोणत्या वेगाची फाइल हवी हे लिहा; 'एक डीव्हीडी द्यावी' एवढंच लिहिलं की मिळेल ती प्रत येते. सी. व्ही. रामन पिळ्ळै १९२२ मध्ये गेले, चित्रपट १९३३ चा. दोन्हींची कॉपीराइट मुदत केव्हाच सरली. तुमच्या मंडळातली मुलं हे पाहून नारायण हरी आपट्यांच्या कथेवर लघुपट करायला निघाली, तर त्यांना थांबवून सांगा: आपटे १९७१ मध्ये गेले, त्यांच्या लिखाणाचे हक्क २०३१ अखेरपर्यंत वारसांकडे आहेत. परवानगी लागेल, आणि ती चित्रीकरणाआधी घ्यायची असते. 'मार्तंड वर्मा'च्या निर्मात्याचं नेमकं तिथंच अडलं.

तयारीला सहा आठवडे धरा. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत आणि वेगाची तपासणी, पुढच्या दोनांत मराठी वाक्यं, शेवटच्या दोनांत वादक. सभागृह खेळाच्या दिवशी दुपारपासून आणि आदल्या रात्री तीन तास मिळालं पाहिजे. व्यवस्थापकांना आमची खास विनंती या तीन तासांची आहे, त्याचं भाडं माफ करता आलं तर पाहा. फाइल तपासून देणं, वाचकाचा कागद बसवणं आणि तालमीला बसणं हे आम्ही मानधन न घेता करू. सांगली आणि सातारा या दोन्ही ठिकाणांसाठी कार्डांचं मराठी भाषांतर एकच वापरता येईल, तेव्हा ज्यांचा कार्यक्रम आधी ठरेल त्यांनी दुसऱ्यांना कळवावं.

कळावे,
आपले,
मूकपट पाहणारे आणि दाखवणारे काही जण, सांगली